भाटकार, मुंडकार आणि सिंह : गोव्याचा पहिला कौल

ज्या पक्षाच्या सरकारने गोवा पोर्तुगिजांच्या हातून सोडवला, त्या पक्षाला गोव्याने पहिल्याच निवडणुकीत एकही आमदार दिला नाही. ९ डिसेंबर १९६३ रोजी गोवा, दमण आणि दीव या केंद्रशासित प्रदेशाच्या विधानसभेसाठी मतदान झाले. मुक्तीला दोन वर्षे पूर्ण व्हायला अजून दहा दिवस होते. दिल्लीत नेहरूंचे सरकार होते आणि काँग्रेसच्या बैलजोडी या निशाणीला गोव्यात मते मिळणार, हे बहुतेकांनी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात काँग्रेसच्या पदरात तीसपैकी एक जागा पडली, आणि तीही दमणची.

गोमंतकीयांना निवडणूक अगदीच नवी होती असे नाही. लिस्बनच्या संसदेसाठी गोव्यातून १८२२ सालीच प्रतिनिधी निवडले गेले होते. २१ सप्टेंबर १८९० रोजी तर मडगावात पालिकेच्या निवडणुकीवरून झालेल्या वादात सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या आणि माणसे मेली. पण हा सगळा मूठभरांचा खेळ होता. मताचा हक्क शिक्षणाशी आणि कर भरण्याच्या ऐपतीशी बांधलेला होता. भाटकार म्हणजे जमीनदार, वकील, डॉक्टर, पोर्तुगीज शिकलेले अंमलदार यांच्यापुरते ते राजकारण. पोर्तुगालचा हुकूमशहा साळाझार याच्या काळात तेवढेही उरले नाही. वर्तमानपत्र सेन्सॉरच्या हाताखालून जाई आणि विरोधी पक्ष काढणे म्हणजे तुरुंगाची वाट.

१९ डिसेंबर १९६१ नंतर मेजर जनरल कँडेथ यांच्याकडे लष्करी प्रशासन आले. पुढच्या जूनमध्ये मुलकी कारभार सुरू झाला, नायब राज्यपाल आले, नियुक्त सदस्यांचे एक सल्लागार मंडळ बसले. १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या आणि शेतात राबणाऱ्या माणसाला मत म्हणजे काय ते प्रथमच कळले. मग १९६३ च्या केंद्रशासित प्रदेश कायद्याने तीस जागांची विधानसभा दिली : गोव्याच्या २८, दमणची एक, दीवची एक.

या विधानसभेच्या निमित्ताने गोव्यात दोन नवे पक्ष उभे राहिले. दयानंद बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला (मगो) गोवा महाराष्ट्रात विलीन व्हायला हवा होता. डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाला तो स्वतंत्र राहायला हवा होता. मगोची निशाणी सिंह, युनायटेड गोवन्सची हात. जेमतेम तीस टक्के साक्षरतेच्या प्रदेशात मतपत्रिकेवरचे चित्रच उमेदवाराचे नाव होते. काँग्रेसला मात्र विलीनीकरणावर धड हो म्हणता येईना, धड नाही म्हणता येईना. गोव्याचे वेगळेपण जपू, अशी ग्वाही नेहरूंनी दिली होती आणि महाराष्ट्रातल्या काँग्रेसवाल्यांना तर विलीनीकरण हवेच होते.

सभांमधून बोलले जाई ते विलीनीकरणावर. पण प्रचार घरोघरी पोचला तो दुसऱ्याच वाटेने.

गोव्यातला मुंडकार भाटकाराच्या जमिनीवर खोपट बांधून राहायचा. घराची भिंत त्याने उभारलेली, पण खालची जागा भाटकाराची. नारळ पाडायला, बागेची राखण करायला, भाटकाराच्या घरचे कार्य निघाले की पडेल ते काम करायला त्याने जायचे. मर्जी फिरली की बिऱ्हाड उचलायचे. शेत कसणाऱ्या कुळाची स्थितीही फार वेगळी नव्हती. काँग्रेसच्या स्थानिक पुढाऱ्यांत आणि उमेदवारांत याच भाटकार वर्गातली घराणी उठून दिसत. स्वातंत्र्यलढ्यात काहींनी तुरुंगवास सोसला होता, यात शंका नाही. पण मुंडकाराच्या नजरेत ते आधी भाटकार होते.

उलट बांदोडकर, म्हणजे भाऊसाहेब, पेडण्यात जन्मलेले खाणमालक. पैसा त्यांच्यापाशी होता, पण ते आले होते गोमंतक मराठा समाजातून, ज्याला जुन्या प्रतिष्ठितांनी कधी बरोबरीने बसवले नव्हते. कूळ, मुंडकार आणि बहुजन समाजाने त्यांच्यात आपला माणूस पाहिला. मराठीचा आग्रहही याच ओघात आला. हिंदू घरांत कीर्तन, पोथी आणि गावच्या शाळेतली मुळाक्षरे मराठीतली होती. पोर्तुगीज ही कचेरीची भाषा होती. महाराष्ट्रात १९६० नंतर बहुजनांच्या हाती आलेली सत्ता आणि तिथले कूळकायदे इकडे ऐकून ठाऊक होते. त्यामुळे ‘महाराष्ट्रात जाऊ’ या घोषणेत अनेकांना ‘भाटकारापासून सुटू’ हेही ऐकू येत होते.

निकाल लागला तेव्हा मगो आणि त्याच्या मित्रांकडे १६ जागा होत्या, युनायटेड गोवन्सकडे १२. युनायटेड गोवन्सचे बळ मुख्यतः सासष्टीसारख्या जुन्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या भागातल्या, ख्रिस्ती वस्तीत होते; पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या नंतर जिंकलेल्या नव्या काबिजादीत सिंहाची चलती होती. लोकसभेच्या दोन्ही जागांवरही काँग्रेस हरली. स्वतः निवडणुकीला उभे न राहिलेले भाऊसाहेब २० डिसेंबर १९६३ रोजी मुख्यमंत्री झाले. मंत्रिमंडळ अवघे तिघांचे. त्यात विठ्ठल करमली आणि टोनी फर्नांडिस. पणजीला मांडवीकाठच्या आदिलशाही राजवाड्यात, जिथून पोर्तुगिजांनी कारभार हाकला होता, तिथे विधानसभा भरू लागली आणि सभापतींच्या खुर्चीवर पां. पु. शिरोडकर बसले. १९६४ मध्येच कुळांना संरक्षण देणारा कायदा झाला. गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या.

आता खरा वाद सुरू झाला. मगोचे म्हणणे सरळ होते : बहुमत आमचे, म्हणजे विलीनीकरणाला कौल मिळाला. १९६५ मध्ये विधानसभेने तसा ठरावही केला. सिक्वेरांचे उत्तर असे की, आमदार निवडणे वेगळे आणि प्रदेशाचे भवितव्य ठरवणे वेगळे. त्यासाठी लोकांना स्वतंत्रपणे विचारा. दिल्लीने अखेर ते मानले. सरकारी यंत्रणेचा दबाव नको म्हणून बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. विलीनीकरणासाठी फूल, केंद्रशासित राहण्यासाठी दोन पाने. पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा. विलीनीकरणाविरुद्ध मोहीम चालवणाऱ्यांत मडगावचे ‘राष्ट्रमत’ आघाडीवर होते, आणि ते दैनिक मराठीतच निघत होते.

मगो आता संपला, असे अनेकांनी धरले. मार्च १९६७ मध्ये विधानसभेसाठी पुन्हा मतदान झाले. सिंह पुन्हा निवडून आला आणि बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. महाराष्ट्रात जायचे नाही, हे जानेवारीत सांगणाऱ्या मतदारांपैकी काहींनी मार्चमध्ये भाऊसाहेबांनाच मत दिले असणार. त्याशिवाय हा हिशेब जुळत नाही. १९७३ च्या ऑगस्टमध्ये निधन होईपर्यंत ते त्या पदावर राहिले. गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला तो ३० मे १९८७ रोजी, आणि तेव्हा दमण व दीव त्यापासून वेगळे झाले.