खुब्याचा सांधा आणि नितंबाचे स्नायू : एका पायावर तोल सावरतो तरी कसा?

चालताना प्रत्येक पावलागणिक काही क्षण शरीराचा सारा भार एकाच पायावर येतो. चालण्याच्या एका आवर्तनात प्रत्येक पाय सुमारे ४० टक्के वेळ हा भार एकट्याने पेलतो. तरीही निरोगी माणसाची कंबर उचललेल्या पायाच्या बाजूला कलंडत नाही. याचे श्रेय खुब्याचा सांधा आणि नितंबाचे स्नायू यांच्या परस्पर सहकार्याला जाते.

खुबा हा सायनोव्हियल प्रकारचा, उखळीसारख्या रचनेचा सांधा आहे. मांडीच्या हाडाचा गोल माथा श्रोणीच्या हाडातील खोलगट वाटीत बसतो. दोन्ही हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचे आवरण असते. सांध्याभोवतालच्या पिशवीच्या आतील पातळ अस्तरातून चिकट द्रव पाझरतो. हा द्रव वंगणाचे काम करतो आणि कूर्चेला पोषणही पुरवतो. कारण प्रौढांच्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. सांधा हलला, त्यावर भार आला आणि उतरला की हा द्रव सर्वत्र पसरतो. म्हणूनच दीर्घकाळ हालचाल बंद राहणे सांध्याला मानवत नाही. कूर्चेत वेदना जाणवून देणारे चेतातंतूही नसल्याने तिची सुरुवातीची झीज अनेकदा लक्षात येत नाही.

नितंबात तीन प्रमुख स्नायू असतात. त्यांपैकी सर्वांत मोठा, महानितंब स्नायू जिना चढताना किंवा बसलेल्या स्थितीतून उठताना मांडी मागे ओढून शरीर वर उचलतो. मध्यनितंब आणि लघुनितंब हे दोन स्नायू श्रोणीच्या बाहेरील बाजूपासून मांडीच्या हाडाच्या वरच्या उंचवट्यापर्यंत जातात. चालताना तोल राखण्याची मुख्य जबाबदारी या दोघांवर असते.

उजव्या पायावर उभे राहून डावा पाय उचलला, तर शरीराचे वजन श्रोणीला डावीकडे खाली ओढते. त्याच वेळी उजव्या खुब्यावरील हे दोन स्नायू आकसून श्रोणी समपातळीत ठेवतात. मात्र वजनाच्या रेषेच्या तुलनेत ते सांध्याच्या अधिक जवळून ओढ देत असल्याने त्यांना वजनापेक्षा बरेच जास्त बल लावावे लागते. वजन आणि स्नायूंची ओढ मिळून खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच ते तीन पट दाब येतो.

हे स्नायू किंवा त्यांची चेता दुबळी झाल्यास श्रोणी उचललेल्या पायाच्या बाजूला झुकते. जर्मन शल्यचिकित्सक फ्रीडरिश ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९५ मध्ये जन्मतः खुबा निखळलेल्या रुग्णांची चाल अभ्यासून हे लक्षण मांडले. अशा रुग्णांचे डुलत चालणे हाडाचा माथा वरखाली सरकल्यामुळे होते, असा तोवरचा समज होता. खरे कारण स्नायूंच्या दुर्बलतेत आहे, हे त्यांनी दाखवून दिले. रुग्णाला एका पायावर उभे करून पाहण्याची ही साधी चाचणी आजही त्यांच्याच नावाने केली जाते.

याच गणितावरून काठी कोणत्या हातात धरावी, हेही ठरते. दुखऱ्या खुब्याच्याच बाजूला काठी धरण्याची चूक अनेक जण करतात. वास्तविक ती विरुद्ध हातात धरावी. उजवा खुबा दुखत असेल आणि काठी डाव्या हातात असेल, तर काठीचा आधार श्रोणीला डावीकडे झुकू देत नाही. परिणामी उजव्या स्नायूंना कमी बल लावावे लागते आणि सांध्यावरील दाबही घटतो.

नितंबात इंजेक्शन देताना वरच्या बाहेरील भागाची निवड केली जाते, त्यामागेही शरीररचनाच आहे. पायाकडे जाणारी जाड सायटिक चेता नितंबाच्या खालच्या व आतील भागातून जाते. सुई चुकीच्या जागी टोचली गेल्यास तिला इजा होऊन पाऊल लुळे पडू शकते.

मुलाचे डुलत चालणे किंवा ज्येष्ठांचे नव्याने सुरू झालेले लंगडणे ही केवळ सवय किंवा वयाची खूण समजून सोडून देता येत नाही. सांधा, स्नायू आणि चेता या तिन्हींची तपासणी झाल्यावरच त्याचे नेमके कारण कळते.