ठोशांचा वचक : आइस हॉकीतल्या एन्फोर्सरबद्दल गैरसमज आणि वस्तुस्थिती

हॉकी म्हटलं की आपल्याला ध्यानचंद आठवतात. कॅनडा-अमेरिकेत मात्र हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी, आणि तिथल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये (एनएचएल) अनेक दशकं जवळजवळ प्रत्येक संघात एक असा गडी असायचा, ज्याचं मुख्य काम गोल करणं हे नव्हतंच. समोरच्या संघातल्या कुणी आपल्या मोहऱ्याला आडवा हात घातला, तर हातमोजे टाकून त्याच्याशी दोन हात करायचे, हे त्याचं काम. हा एन्फोर्सर. त्याच्या मारामारीच्या चित्रफिती जगभर पाहिल्या जातात, पण त्याचा संघाला नेमका उपयोग काय होता, याबद्दलच्या समजुती बऱ्याचशा चुकीच्या आहेत.

गैरसमज : एनएचएलमध्ये मारामारीला परवानगी आहे.

परवानगी नाही, शिक्षा आहे. 1922 पासून मारामारीला पाच मिनिटांची मेजर पेनल्टी आहे. मात्र त्यात एक गोम आहे. दोघं भांडले तर दोघंही पाच मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये बसतात आणि बर्फावर दोन्ही संघांचे पाच-पाच खेळाडू कायम राहतात. म्हणजे संघाचं नुकसान काहीच नाही. त्यातून एन्फोर्सर हा चौथ्या फळीतला, साठ मिनिटांच्या सामन्यात जेमतेम पाच-सात मिनिटं खेळणारा. तो बाहेर बसला आणि त्याच्यासोबत समोरचा एखादा चांगला खेळाडूही बसला, तर फायदाच. हे गणित मोडण्यासाठी 1992 मध्ये भांडण उकरून काढणाऱ्याची शिक्षा वाढवण्यात आली. त्याला जादा दोन मिनिटं मिळू लागली आणि तेवढा वेळ त्याच्या संघाला एक खेळाडू कमी घेऊन खेळावं लागू लागलं. ऑलिंपिकमध्ये तर भांडणाऱ्याला सामन्यातूनच बाहेर काढतात, आणि तिथे मारामाऱ्या क्वचितच होतात.

गैरसमज : एन्फोर्सर म्हणजे खेळता न येणारा गुंड.

डेट्रॉइट रेड विंग्जच्या बॉब प्रोबर्टने 1987-88 च्या हंगामात 398 मिनिटांच्या पेनल्टी घेतल्या आणि त्याच हंगामात 29 गोलही केले. त्या वर्षी तो ऑल-स्टार सामन्यात खेळला. कारकिर्दीतल्या पेनल्टी मिनिटांचा विक्रम ज्याच्या नावावर आहे, त्या टायगर विल्यम्सच्या खात्यात 241 गोल आहेत. भारतीय वंशाचा एनएचएलमधला पहिला खेळाडू रॉबिन बावा हा ब्रिटिश कोलंबियातल्या पंजाबी कुटुंबातला. ज्युनिअर हॉकीत तो भरपूर गोल करायचा, पण 1989 मध्ये वॉशिंग्टनकडून वरच्या लीगमध्ये आल्यावर त्याच्या वाट्याला आलं ते धसमुसळं, अंगाला अंग भिडवण्याचं काम. दुसऱ्या टोकाला डेरेक बुगार्ड आहे. 277 सामन्यांत त्याचे गोल फक्त तीन. तेव्हा सगळ्यांना एकाच मापाने मोजणं बरोबर नाही.

गैरसमज : एन्फोर्सर संघात असला की मोहरा सुरक्षित राहतो.

हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात पक्का समज. त्याला आधारही आहे. एडमंटन ऑइलर्समध्ये वेन ग्रेट्झकीच्या पाठीशी आधी डेव्ह सेमेन्को आणि पुढे मार्टी मॅक्सॉर्ली होता. 9 ऑगस्ट 1988 रोजी ग्रेट्झकीला लॉस एंजेलिसला देण्यात आलं, तेव्हा मॅक्सॉर्लीही सोबत हवा असा त्याचा आग्रह होता आणि तो मान्यही झाला. खेळाच्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या खेळाडूला ज्याची एवढी गरज वाटते, त्या माणसाची काहीच किंमत नव्हती असं मी म्हणणार नाही. पण त्या काळी पेनल्टी देणारा रेफरी बर्फावर एकच असायचा. त्याची पाठ वळली की काठीचे फटकारे बसायचे. लीगच्या शिक्षा तोकड्या होत्या. न्याय मिळत नव्हता, म्हणून संघांनी आपापला रखवालदार ठेवला होता.

आता मार्च 2010 मधला प्रसंग पाहा. पिट्सबर्गच्या मॅट कुकने बॉस्टन ब्रुइन्सच्या मार्क सावार्डच्या डोक्यावर आंधळ्या बाजूने धडक दिली. बॉस्टनकडे शॉन थॉर्नटन होता, त्या काळातला नावाजलेला एन्फोर्सर. तो संघात आहे हे कुकला ठाऊक होतं. तरीही धडक बसली. त्यावर ना पेनल्टी झाली ना निलंबन. पुढच्या भेटीत थॉर्नटनने कुकला भांडायला लावलं आणि रीतसर हिशेब चुकता केला. सावार्डला त्याचा काय उपयोग? तो थोडे दिवस परतला खरा, पण 2011 च्या जानेवारीनंतर एकही सामना खेळू शकला नाही.

कुक त्या ठोशांनी सुधारला नाही. मार्च 2011 मध्ये त्याने न्यूयॉर्क रेंजर्सच्या रायन मॅकडोनाच्या डोक्यावर कोपर मारलं. या वेळी लीगने हंगामातले उरलेले दहाही सामने आणि प्लेऑफची पूर्ण पहिली फेरी त्याला घरी बसवलं. त्या हंगामात 129 पेनल्टी मिनिटं घेणारा हा गडी पुढच्या हंगामात सगळे 82 सामने खेळला. पेनल्टी 44 मिनिटं, गोल 19. पुढे 2014 मध्ये गुडघा मारल्याबद्दल त्याला पुन्हा शिक्षा झाली, हेही सांगायला हवं. पण थॉर्नटनच्या मुठीला जे जमलं नाही, ते निलंबनाने बऱ्याच अंशी करून दाखवलं. सावार्डच्या प्रकरणानंतर डोक्यावर आंधळ्या बाजूने धडक देणं हा स्वतंत्र गुन्हा ठरला आणि 2011 मध्ये खेळाडूंच्या सुरक्षिततेसाठी लीगने वेगळा विभाग काढला. सामन्याला दोन रेफरी तर त्याआधीच आले होते. एन्फोर्सरची जागा या बदलांनी घेतली.

मारामारी नसेल तर प्रेक्षक येणार नाहीत, असंही म्हटलं जातं. 1980 च्या दशकात सामन्यागणिक सरासरी एक मारामारी व्हायची. आता बहुतेक सामने मारामारीविना संपतात. तरी 2023-24 मध्ये लीगने प्रेक्षकसंख्येचा विक्रम केला. सव्वादोन कोटींहून अधिक लोक रिंकवर आले.

गैरसमज : हे लोक धडधाकट असतात, चार ठोशांनी काय होतंय?

इथे मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. मे 2011 मध्ये बुगार्ड वेदनाशामक गोळ्या आणि मद्य यांच्या अतिरेकाने गेला. वय 28. त्याच्या मेंदूत सीटीई हा डोक्यावरच्या वारंवार आघातांशी जोडला गेलेला आजार आढळला. 2010 मध्ये 45 व्या वर्षी हृदयविकाराने गेलेल्या प्रोबर्टच्या मेंदूतही तोच निघाला. त्याआधी 1960 च्या दशकातला रांगडा खेळाडू रेग फ्लेमिंग याच्याही. बर्फावर डोकं आपटतं ते वेगळंच. डॉन सँडरसन हा कॅनडातल्या छोट्या लीगमधला 21 वर्षांचा खेळाडू डिसेंबर 2008 मध्ये मारामारीत हेल्मेट निघून डोक्यावर पडला आणि तीन आठवड्यांनी वारला. मोहऱ्याच्या डोक्याचं रक्षण करायचं म्हणून दुसऱ्या खेळाडूचं डोकं पणाला लावायचं, ही व्यवस्था मला कधीच पटली नाही.

आणि शेवटचा घोटाळा मारामारी आणि एन्फोर्सर यांना एकच समजण्याचा. फेब्रुवारी 2025 मध्ये माँट्रियलला कॅनडा-अमेरिका सामन्याच्या पहिल्या नऊ सेकंदांत तीन मारामाऱ्या झाल्या. त्यात अमेरिकेकडून उतरलेले टकाचुक बंधू आणि जे. टी. मिलर हे भरवशाचे गोल करणारे खेळाडू, भाडोत्री मुठी नव्हेत. मारामारी अजून उरली आहे, पण तेवढ्याच कामासाठी संघाची एक जागा अडवणं आज कुणाला परवडत नाही. सामन्याला 18 स्केटर उतरवता येतात आणि त्यातल्या प्रत्येकाला पळता आलं पाहिजे. वॉशिंग्टनचा टॉम विल्सन दरारा ठेवतो, पण 2024-25 मध्ये त्याने 33 गोलही केले आहेत.

क्युबेकच्या मेजर ज्युनिअर लीगने 2023 मध्ये मारामारीवर बंदी आणली. तिथे भांडणारा मुलगा सामन्यातून बाहेर जातो. एनएचएलने हाच नियम स्वीकारायला हवा, आणि तोही लवकर.