झाकली मूठ आणि अडीचशे पौंडांची गाडी

स्पोर्ट्स कार म्हटली की डोळ्यांसमोर उद्योगपतींची मुले, सिनेनट आणि क्रिकेटपटू उभे राहतात. ज्या समाजाला आजही स्मशानभूमीच्या रस्त्यासाठी तहसील कचेरीवर मोर्चा न्यावा लागतो, त्या समाजाच्या दैनिकात स्पोर्ट्स कारवर लेख कशाला, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. परंतु गाडीच्या ऐटीशी किंवा वेगाशी आम्हाला कर्तव्य नाही. इंग्लंडमधल्या सामान्य माणसांनी ही गाडी घरामागच्या शेडमध्ये, भंगारातले भाग वापरून, स्वतःच्या हातांनी बांधली. त्यांना ते का जमले आणि आमच्या आयटीआय शिकलेल्या पोरांना का जमू दिले जात नाही, हा आमच्या आस्थेचा विषय आहे.

१९९६ मध्ये इंग्लंडच्या हेन्स या प्रकाशन संस्थेने रॉन चॅम्पियन या शिक्षकाचे एक पुस्तक काढले. अवघ्या २५० पौंडांपासून स्वतःची स्पोर्ट्स कार बांधा, असे त्याचे शीर्षकच होते. या गाडीला पुढे ‘लोकॉस्ट’ हे नाव पडले. लो कॉस्ट म्हणजे कमी खर्च, आणि ज्या गाडीवरून ती बेतली ती लोटस, असा दुहेरी अर्थ त्या नावात आहे. लोटस कंपनीची ‘सेव्हन’ ही गाडी १९५७ सालची. छप्पर नाही, दरवाजे नावापुरते, दोन माणसे बसतील एवढी जागा. तिचा कर्ता कॉलिन चॅपमन याने स्वतःची पहिली गाडी १९४८ मध्ये ‘ऑस्टिन सेव्हन’ या जुन्या स्वस्त गाडीवरच बांधली होती. आणि ज्याच्या नावाने हेन्स प्रकाशन उभे राहिले तो जॉन हेन्स शाळेत असताना याच ऑस्टिनची घरगुती स्पोर्ट्स कार करून मोकळा झाला. कशी केली ते त्याने १९५६ मध्ये छोट्या पुस्तिकेत लिहिले आणि तिच्या २५० प्रती हातोहात संपल्या. एकाने केले, लिहून ठेवले, दुसऱ्याने वाचून केले. ही परंपरा पन्नास वर्षे चालली. २००७ मध्ये क्रिस गिब्स यांनी जुनी गाडी मिळेनाशी झाली म्हणून फोर्ड सिएरा या नंतरच्या गाडीचे भाग वापरून नवा आराखडा दिला. तोही हेन्सनेच छापला.

आता ही गाडी बांधतात कशी, ते पाहू. एक इंची चौकोनी लोखंडी पाइप, म्हणजे आपल्याकडे खिडकीच्या ग्रिलसाठी आणि शेडसाठी फॅब्रिकेशनवाला जो वापरतो त्याच जातीचा माल. पुस्तकात प्रत्येक तुकड्याची लांबी आणि कापण्याचा कोन दिलेला असतो. सपाट फळीवर आराखडा आखायचा, तुकडे त्यावर मांडायचे, आधी नुसते टॅक मारायचे, मापे पुन्हा तपासायची आणि मगच पक्के वेल्डिंग करायचे. तेही एका बाजूने सलग करायचे नाही, नाहीतर उष्णतेने सांगाडा वाकतो. चौकटीत तिरपे पाइप घालून त्रिकोण पाडायचे, कारण चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही. मग फोर्ड एस्कॉर्टसारखी एखादी गंजलेली जुनी गाडी घ्यायची. तिचे इंजिन, गिअर बॉक्स, मागचा एक्सल, स्टिअरिंग, ब्रेक काढून या सांगाड्यावर बसवायचे. अंगावर अॅल्युमिनियमचा पत्रा आणि पुढे फायबरचे नाक.

मग ती स्पोर्ट्स कार कशी झाली? उत्तर वजनात आहे. कुटुंबासाठीची एस्कॉर्ट साडेआठशे किलोंच्या घरात भरते. हलकी बांधलेली लोकॉस्ट पाचशे-सहाशे किलोंत बसते. इंजिन तेच, ओझे दोनतृतीयांश. म्हणून ती चपळ धावते आणि वळणावर ठाम राहते. महागडे इंजिन घेऊन नव्हे, तर फुकटचे ओझे टाकून ही गाडी वेग मिळवते.

२५० पौंड हा आकडा कुणी शब्दशः घेऊ नये. तो ‘कमीत कमी’चा आकडा होता. स्वस्त जुनी गाडी हाती लागली, न लागणारे भाग विकून पैसे परत आले, हत्यारे घरची असली, श्रमाची मजुरी मोजली नाही, तर तो जमतो. बहुतेकांना त्याहून पुष्कळ जास्त खर्च आला. शिवाय टायर, ब्रेकचे पाइप, सीट बेल्ट यांत काटकसर करायची नसते. तेथे वाचवलेला रुपया अंगावर येतो. परंतु मुद्दा उरतोच. हजारो पौंडांची वस्तू शेकड्यांत आली, कारण तिच्यातली सर्वांत महाग गोष्ट फुकटाच्या भावाने मिळाली. ती गोष्ट म्हणजे आराखडा!

आपल्याकडे म्हण आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. या देशातली सारी जातिव्यवस्था या एका म्हणीत मावते. वेद झाकले, अक्षर झाकले, माप झाकले, आराखडा झाकला. ज्याच्या हातात हातोडा त्याला कागद दाखवायचा नाही आणि ज्याच्या हातात कागद त्याने हातोड्याला शिवायचे नाही. बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये दाखवून दिले की, जात ही नुसती श्रमाची विभागणी नसून ती श्रमिकांचीच विभागणी आहे. आजही कारखान्यात जाऊन पाहा. वेल्डिंगच्या ठिणग्या अंगावर घेणारा कोण आणि वातानुकूलित खोलीत ड्रॉइंग काढणारा कोण? आडनावे वाचली तरी उत्तर मिळते.

याउलट रॉन चॅम्पियन ज्या शाळेत शिकवत ती नॉर्दम्प्टनशायरमधील ऑंडल शाळा. १५५६ साली स्थापन झालेली, श्रीमंतांच्या मुलांची महागडी शाळा. १८९२ ते १९२२ या काळात तेथे सँडरसन नावाचे मुख्याध्यापक होते. त्यांनी शाळेत कार्यशाळा काढल्या आणि खानदानी घरांतल्या मुलांना लेथवर, भट्टीवर उभे केले. इंग्लंडमध्ये वर्गभेद नव्हता किंवा नाही, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. परंतु तेथे हात काळे केल्याने कुणी विटाळला नाही आणि हात काळे असलेल्याने पुस्तक उघडले म्हणून कुणी त्याला मारले नाही. एका शिक्षकाने लिहिलेले पुस्तक सार्वजनिक ग्रंथालयात गेले आणि तेथून मेकॅनिकच्या, पोस्टमनच्या, पेन्शनराच्या शेडमध्ये पोहोचले.

बौद्ध म्हणून आम्हाला येथे तथागतांची आठवण होते. महापरिनिर्वाणापूर्वी त्यांनी आनंदांना स्पष्ट केले होते की, धम्म शिकवताना आपण आतले-बाहेरचे असा भेद केला नाही आणि आचार्याची मूठ कधी झाकून ठेवली नाही. पालीत त्याला ‘आचरियमुट्ठि’ असा शब्द आहे. ज्ञान राखून ठेवणारा गुरू आणि अंगठा मागणारा गुरू एकाच परंपरेतले. ज्याने मूठच उघडी ठेवली तो आमचा शास्ता.

झाकल्या मुठीची किंमत बाबासाहेबांनी स्वतःच्या अंगावर मोजली आहे. १९२९ मध्ये ते चाळीसगावला उतरले तेव्हा महाराला घेऊन टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. अखेर तोड निघाली ती अशी : टांगा भाड्याने मिळेल, पण हाकणारा तुमचा तुम्ही बघा. हाकायला बसलेल्या आपल्या माणसाने आयुष्यात टांगा हाकलेला नव्हता. पुलावर अपघात झाला, बाबासाहेब फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. वाहन पैशाने मिळाले होते. ते चालवायचे कसब समाजाजवळ नव्हते, कारण ते शिकण्याची संधीच त्याला मिळालेली नव्हती. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना १९४२ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे जे निवेदन दिले, त्यात शास्त्र व तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्यांबरोबरच सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत शिकाऊ उमेदवार म्हणून प्रवेश मागितला होता. नोकऱ्यांच्या टक्क्यांइतकेच महत्त्व त्यांनी यंत्रावरच्या हाताला दिले होते, हे आम्ही विसरलो आहोत.

आता कायद्याकडे वळू. इंग्लंडमध्ये घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणायला कायद्याने दार ठेवले आहे. १९९८ मध्ये अशा गाड्यांसाठी एकेका वाहनाच्या तपासणीची पद्धत आली. २००९ पासून तिची जागा ‘इंडिव्हिज्युअल व्हेईकल अॅप्रूव्हल’ या अधिक कडक पद्धतीने घेतली. सरकारी तपासनीस ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, सीट बेल्ट, धूर, आवाज, टोकदार कडा असे सगळे पाहतो. नापास झालात तर दुरुस्त करून पुन्हा या. पास झालात तर नंबर घ्या. ‘तू कोण’ हे तेथे विचारले जात नाही. ‘तुझी गाडी थांबते का’ हे विचारले जाते.

आपल्याकडे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ३९ प्रमाणे नोंदणीशिवाय वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही. नोंदणीचा मार्ग जातो केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम १२६ मधून, जेथे उत्पादकाने आपल्या वाहनाचा नमुना पुण्याची एआरएआय किंवा अहिल्यानगरची व्हीआरडीई अशा संस्थेकडून तपासून घ्यायचा असतो. हजारो गाड्या विकणाऱ्या कारखानदाराला ही तपासणी परवडते. एकच गाडी बांधणाऱ्या मेकॅनिकसाठी हा नियम लिहिलेलाच नाही. जुन्या गाडीत बदल करावा म्हटले तर कलम ५२ आडवे येते. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलापासून फारकत घेणारा बदल करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितले आहे. २००७ पासून मध्य प्रदेशातील पिथमपूरला ‘बाहा’ स्पर्धेत अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः बांधलेल्या गाड्या पळवतात, पण त्या मैदानातच. आणि ती संधी महाविद्यालयाची फी भरू शकणाऱ्यांना.

डिसेंबर २०२१ ची गोष्ट वाचकांना आठवत असेल. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील एका लोहारकाम करणाऱ्या कारागिराने सुमारे साठ हजार रुपयांत, भंगारातले भाग जमवून, किक मारून सुरू होणारी चारचाकी बनवली. आनंद महिंद्र यांनी कौतुक केले, गाडी नियमांत बसत नसल्याचेही सांगितले आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती त्या कुटुंबाला मिळालीही. त्या कुटुंबाच्या आनंदात आम्ही सहभागी आहोत. परंतु कायद्याच्या अंगाने विचारतो : त्या कारागिराला बक्षीस मिळाले, हक्क मिळाला का? उद्या परभणीच्या किंवा गोंदियाच्या एखाद्या पोराने तशीच गाडी बांधली तर त्याने कोणत्या खिडकीवर अर्ज करायचा? थोरामोठ्यांची मेहेरबानी ही कायद्याची जागा घेऊ शकत नाही. माणगा आणि महार वतनाच्या काळापासून मेहेरबानीचा अर्थ आम्हाला ठाऊक आहे.

येथे आमच्या तरुणांना एक इशाराही दिला पाहिजे. उत्साहाच्या भरात नोंदणी नसलेली गाडी रस्त्यावर काढू नका. कलम १४६ प्रमाणे त्रयस्थ पक्षाचा विमा सक्तीचा आहे आणि नोंदणी नसलेल्या गाडीला तो मिळणार नाही. अपघात झाला तर नुकसानभरपाईचा बोजा थेट मालकावर, म्हणजे तुमच्या आईच्या मंगळसूत्रावर आणि बापाच्या अर्ध्या एकरावर येईल. आणि ज्याला धडक बसेल तोही बहुधा आपल्यासारखाच गरीब असेल. सुरक्षेचे नियम सैल करा, अशी आमची मागणी नाही. तपासणी कडक ठेवा, पण ती एकट्या माणसालाही मागता आली पाहिजे आणि तिची फी त्याला झेपली पाहिजे. केंद्र सरकारने नियमांत एकेका वाहनाच्या मंजुरीची तरतूद करावी. आपल्या खासदारांनी हा प्रश्न संसदेत विचारावा.

तोवर काय करायचे? खासगी आवारात सांगाडा बांधायला कुणाची ना नाही. आपल्या कित्येक विहारांत स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका चालतात, ही अभिमानाची बाब आहे. त्याच आवारात एका पत्र्याच्या शेडमध्ये एक वेल्डिंग मशीन, एक ग्राइंडर, एक बेंच व्हाइस आणि एक ड्रॉइंग बोर्ड का असू नये? आपल्या समाजात रेल्वेच्या, एसटीच्या, शस्त्रास्त्र कारखान्यांच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले शेकडो फिटर, टर्नर, वेल्डर घरोघरी बसून आहेत. त्यांची चाळीस वर्षांची विद्या त्यांच्याबरोबर जाऊ देणार आहोत का? त्यांनी आठवड्यातून एक दिवस शिकवावे. अभियंता झालेल्या आपल्या मुलामुलींनी ड्रॉइंग वाचायला शिकवावे आणि बदल्यात हातोडा धरायला शिकावे. गाडीचे सांगाडे, शेतीची अवजारे, अपंग बांधवांच्या तीनचाकी, जे बांधाल त्याची मापे मराठीत लिहून छापा. मुलींना या शेडमध्ये पहिल्या दिवसापासून जागा द्या. शिकाऊ उमेदवारी कायदा, १९६१ च्या कलम ३-अ मध्ये अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखून ठेवल्या आहेत. आपल्या जिल्ह्यातल्या कारखान्यांत त्या भरल्या जातात का, याचा हिशेब माहितीच्या अधिकारात मागा.

शिकलेल्यांनी समाजाला विसरू नये, हे बाबासाहेबांचे सांगणे आम्ही सभांतून नेहमी ऐकतो. आमच्या मते त्याचा आजचा एक अर्थ असा की, जे कसब तुमच्या हाताला आले ते शेजारच्या पोराच्या हाताला येईपर्यंत तुमचे काम संपलेले नाही. या वर्षावासात ग्रंथवाचनाबरोबर एखाद्या विहाराने असे एक शेड उभारले, तरी ती सुरुवात होईल. जे सुरू करतील त्यांना नियम-कायद्याचा सल्ला द्यायला आम्ही बांधील आहोत.

जय भीम!