विश्लेषण : घरच्या पोकरच्या बैठकीचा खर्च कुणी उचलायचा? ‘नाल’ घेतल्यास कायदा काय म्हणतो?

दर दुसऱ्या शनिवारी रात्री आठ जण एकाच घरी पोकर खेळायला जमतात. घर नेहमीचेच, कारण हॉल मोठा आणि घरच्यांची हरकत नाही. सुरुवातीला चहा-भजीवर भागते. मग जेवण येते, एसी पहाटेपर्यंत चालतो, पत्त्यांचे जोड झिजतात. पाच-सहा बैठकींनंतर यजमानाला हिशेब टोचू लागतो आणि कुणीतरी सुचवते, ‘प्रत्येक डावातून वीस रुपये बाजूला काढत जाऊ.’ सूचना साधी वाटते, पण घरगुती खेळ आणि जुगार अड्डा यांच्यातली कायद्याची रेघ नेमकी इथेच आहे.

खर्च किती, वसुली किती?

समजा, एका बैठकीत खाण्यापिण्यावर १,४०० रुपये गेले. विजेचे साधारण १०० आणि पत्ते व चिप्स (खेळायच्या, खायच्या नव्हे) यांच्या झिजेचे आणखी १०० धरू. एकूण १,६०० रुपये, म्हणजे यजमान धरून माणशी २०० रुपये.

आता डावामागे वीस रुपयांचे गणित पाहू. घरच्या टेबलावर तासाला सुमारे २० डाव होतात. पाच तासांत १०० डाव, म्हणजे २,००० रुपये. खर्च भागून ४०० रुपये उरतात आणि यजमानाचे स्वतःचे जेवणही त्यातच निघते. वर्षाच्या २६ बैठकींत हे ‘उरलेले’ १०,४०० रुपये होतात. यजमानाच्या मनात कमाई नसेलही, पण हिशेबात ती दिसते.

खेळणाऱ्यांच्या बाजूने हेच गणित जास्त बोचरे आहे. प्रत्येकाने ५०० रुपये आणले तर टेबलावर एकूण ४,००० रुपये असतात. पहाटेपर्यंत त्यातले निम्मे यजमानाच्या डब्यात गेलेले असतात. उरलेल्या २,००० रुपयांसाठी आठ जण रात्रभर झुंजतात आणि ‘आज सगळेच कसे हरले?’ असे एकमेकांना विचारत घरी जातात. शिवाय हे पैसे पॉट जिंकणाऱ्याच्या वाट्यातून जातात. त्यामुळे डावामागून डाव सोडून देत निवांत भजी खाणाऱ्याला बैठक जवळजवळ फुकट पडते.

‘नाल’ म्हणजे काय?

अड्डा चालवणारा प्रत्येक डावातून स्वतःचा जो वाटा काढतो, त्याला पत्त्यांच्या अड्ड्यावर ‘नाल’ म्हणतात. छाप्यांच्या बातम्यांत हा शब्द नेहमी दिसतो. गोव्यातल्या कॅसिनोत पोकरच्या टेबलावर असाच वाटा ‘रेक’ या नावाने कापला जातो. फरक इतकाच, की कॅसिनोकडे सरकारी परवाना असतो आणि हॉलमधल्या यजमानाकडे नसतो.

महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे. त्यातल्या ‘सामान्य जुगारगृहा’च्या व्याख्येत पत्ते किंवा रक्कम यापेक्षा एक मुद्दा निर्णायक ठरतो. जागेचा मालक, भाडेकरू किंवा ती वापरणारा माणूस जागेसाठी, साहित्यासाठी किंवा अन्य कोणत्याही प्रकारे शुल्क घेऊन नफा मिळवतो का? उत्तर ‘हो’ असेल, तर टू बीएचके फ्लॅटही जुगारगृह ठरू शकतो. कलम ४ नुसार असे ठिकाण चालवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कलम ५ तिथे खेळणाऱ्यांसाठी आहे आणि त्यात सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. म्हणजे यजमानाने डब्यात टाकलेल्या वीस रुपयांचा धोका पाहुण्यांच्याही माथी येतो. रीतसर झडतीत पत्ते-चिप्स सापडल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत ते जुगारगृहाचा पुरावा मानण्याची सोयही या कायद्यात आहे.

मग काहीच घ्यायचे नाही का?

सिकंदराबादच्या एका क्लबचे प्रकरण इथे महत्त्वाचे आहे. तिथे सदस्य पैसे लावून रमी खेळत आणि क्लब पत्त्यांसाठी त्यांच्याकडून वेगळे शुल्क घेत असे. त्यावर हैदराबाद जुगार कायद्याखाली खटला झाला. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की बिलियर्ड्स किंवा टेनिससाठी शुल्क घेतात तसे पत्त्यांसाठीही घेता येते. ते अवाजवी नसेल, तर तेवढ्यावरून क्लब नफा कमावतो असे होत नाही. रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचेही याच निकालात आहे. तीन पत्त्यांच्या खेळाला मात्र न्यायालयाने निव्वळ नशिबाचा म्हटले.

पण हा निकाल सदस्यांच्या क्लबबद्दल आणि रमीबद्दल होता. घरच्या पोकरला तो जसाच्या तसा लावणे धाडसाचे ठरेल. निव्वळ कौशल्याच्या खेळांना १८८७ चा कायदा लागू होत नाही, पण पोकर त्यात बसतो का, यावर न्यायालयांतच एकमत नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला जुगार ठरवले. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये पोकर आणि रमी कौशल्याचे खेळ असल्याचे म्हटले. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा २०२५ चा केंद्रीय कायदा समोरासमोरच्या टेबलाबद्दल नाही.

पॉटला हात न लावता

सर्वांत स्वच्छ मार्ग म्हणजे टीटीएमएम. जेवणाचे बिल आले की फोटो ग्रुपवर टाकायचा, माणशी वाटा काढायचा आणि यजमानाने स्वतःचा वाटाही त्यात धरायचा. पैसे पहिला डाव पडण्याआधी यूपीआयने द्यायचे आणि खेळाच्या पैशांशी त्यांची गाठ पडू द्यायची नाही. यात वसुली खर्चाइतकीच राहते आणि तशी राहिल्याची नोंदही राहते. दुसरा मार्ग भिशीचा, म्हणजे ज्याच्या घरी पाळी, त्याचा खर्च. मात्र मुंबईत आठ माणसे मावतील असे हॉल आठही जणांकडे नसतात, त्यामुळे ही पद्धत दोन-तीन घरांतच अडकते.

एक खर्च या कुठल्याच हिशेबात येत नाही. रात्री एक वाजता तिसऱ्यांदा चहा टाकणारी, सकाळी ताटल्या आणि फरशी आवरणारी व्यक्ती बहुधा यजमानाची बायको किंवा आई असते आणि ती टेबलावर बसलेली नसते. तिचा वाटा यूपीआयने देता येत नाही. पण जेवण बाहेरून मागवणे, कागदी ताटल्या आणणे आणि खेळ संपल्यावर दोघांनी थांबून हॉल झाडून देणे, एवढे तरी जमते. पत्त्यांचा नवा जोड लागला, की तो यजमानाने विकत घेऊन डब्यातून वसूल करण्याऐवजी पाहुण्यांपैकी एकाने येताना घेऊन यावा. माणशी वाटा काढून पन्नास-साठ रुपये उरलेच, तर ते पुढच्या शनिवारच्या बिलातून वजा करून ग्रुपवर लिहून ठेवावेत.