कथेचे माध्यमांतर

एका कलामाध्यमात आकारास आलेल्या कथेने दुसऱ्या माध्यमात घेतलेले नवे रूप. पात्रे व घटना यांची मालिका म्हणजे कथावस्तू आणि ती सांगण्याची वा दाखविण्याची रीत म्हणजे कथन, असा भेद समीक्षेत केला जातो. माध्यम बदलले की कथन बदलते, हे उघडच आहे. परंतु अनेकदा कथावस्तू आणि तिच्यातील नैतिक प्रश्नही पालटतो. शकुंतलेची कथा हे याचे उत्तम उदाहरण होय.

महाभारताच्या आदिपर्वात ही कथा आख्यानरूपाने येते. आपल्या पुत्रासच राज्य मिळावे, या अटीवर शकुंतला गांधर्वविवाहास संमती देते. पुढे ती पुत्रासह राजसभेत येते, तेव्हा दुष्यंत तिला ओळखूनही नाकारतो. सत्य आणि पितृधर्म यांविषयी ती त्याला दीर्घ भाषणात खडसावते व अखेर आकाशवाणी तिची साक्ष देते. या रूपात शाप नाही आणि अंगठीही नाही. श्राव्य आख्यानाला दीर्घ वादविवाद पेलतो. तेथे सारे बळ वाणीचे असते.

कालिदासाच्या सात अंकी अभिज्ञानशाकुंतलात हीच कथा दृश्य होते. आठवण आणि विस्मरण हे मनोव्यापार डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांना रंगमंचावर हाती धरता येण्याजोगी वस्तू लागते. अंगठी हे काम करते. तिच्या जोडीला दुर्वासाचा शाप आल्याने नाटकाच्या उदात्त नायकावरील खोटेपणाचा कलंक पुसला जातो. मात्र त्याची किंमत शकुंतलेला द्यावी लागते. नाटकातही ती राजाची निर्भर्त्सना करते; पण राजाला खरोखरच काही आठवत नसल्याने तिला वाद जिंकता येत नाही. अपराधाची जागा दैव घेते.

मराठीत अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी संगीत शाकुंतल रचले. त्याच्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला. येथे पात्रे स्वतःच पदे गातात. पद चालू असताना कथा थांबते, परंतु भावना विस्तारते. श्रोता पुढे काय होणार हे जाणत असूनही त्या क्षणात रमतो.

चित्र व शिल्प यांना कालक्रम नसतो. जर्मन समीक्षक लेसिंग याने लाओकोऑन (१७६६) या ग्रंथात काव्य कालात, तर चित्र-शिल्प अवकाशात उलगडते, असे प्रतिपादन केले. म्हणून चित्रकाराला मागचे व पुढचे सूचित करणारा एकच क्षण निवडावा लागतो. राजा रविवर्मा यांनी पायात काही रुतल्याच्या बहाण्याने मागे वळून पाहणारी शकुंतला रंगविली. राजा चित्रात नाही. तो प्रेक्षकाने स्मरणातून आणावयाचा असतो. हे स्मरण नसल्यास काय होते, हे फ्रेंच शिल्पकर्त्री कामीय क्लोदेल हिच्या शकुंतला (१८८८) या शिल्पावरून दिसते. पुनर्मीलन दर्शविणारे हे शिल्प १९०५ मध्ये संगमरवरात आले, तेव्हा त्यास रोमन पुराणकथेतील व्हर्टुम्नस व पोमोना या युगुलाचे नाव मिळाले. आकृती त्याच राहिल्या, कथा मात्र बदलली.

गोत्ये याच्या संहितेवर आधारलेल्या, पॅरिस येथे १८५८ मध्ये सादर झालेल्या बॅलेत शब्दांचे काम नृत्य व मूकाभिनय यांनी केले. व्ही. शांताराम यांच्या राजकमल कलामंदिराचा पहिला चित्रपट शकुंतला (१९४३) हाच होता. चित्रपटात संवाद, गीत, चित्र आणि गती एकत्र येतात. शिवाय समीपदृश्यामुळे मागच्या रांगेतील प्रेक्षकालाही अंगठी आणि चेहऱ्यावरील सूक्ष्म भाव सारखेच दिसू शकतात.

सारांश, माध्यमांतराचे मूल्यमापन केवळ मूळ कृतीशी असलेल्या निष्ठेवरून करणे अपुरे ठरते. नव्या रूपाने काय मिळविले आणि त्यासाठी कोणत्या पात्राचा आवाज क्षीण केला, हे दोन्ही पाहावे लागते. अंगठीने रंगभूमीला एक अविस्मरणीय प्रसंग दिला. सभेत एकटीने उभी राहून सत्य सिद्ध करू पाहणारी शकुंतला मात्र आजही आदिपर्वातच शोधावी लागते.