विचारू का एक प्रश्न?

बालमित्रांनो, शाळेत प्रकल्प मिळाला की हल्ली पहिली गोष्ट काय होते, सांगू? कुणीतरी म्हणतं, "आपण सर्वेक्षण करू या!" लगेच घरातला मोबाइल हातात येतो. दहा मिनिटांत गूगल फॉर्म तयार! त्याची लिंक वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर जाते आणि संध्याकाळपर्यंत उत्तरं, टक्केवारी, रंगीत वृत्तालेख असं सगळं आपोआप समोर येतं. वहीत चिकटवलं की प्रकल्प पूर्ण. चाचणीचंही तसंच. शिक्षक लिंक पाठवतात, आपण टिकमार्क करतो आणि "सबमिट"वर बोट ठेवताच गुण हजर!

किती सोपं झालंय, नाही का? पण थांबा. त्या रंगीत चित्रातलं उत्तर खरं असेलच कशावरून? याचं उत्तर हवं असेल तर एक जुनी गोष्ट ऐकायला हवी. त्या काळी इंटरनेट तर सोडाच, संगणकसुद्धा नव्हते.

चोवीस लाख उत्तरं, तरीही चूक!

ही गोष्ट आहे अमेरिकेतली, १९३६ सालची. तिथे राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती. एका बाजूला फ्रँकलिन रूझवेल्ट आणि दुसऱ्या बाजूला आल्फ्रेड लँडन. 'लिटररी डायजेस्ट' नावाचं एक प्रसिद्ध साप्ताहिक होतं. त्याने सुमारे एक कोटी लोकांना टपालाने मतपत्रिका पाठवल्या. त्यांतल्या जवळजवळ चोवीस लाख भरून परत आल्या. केवढा मोठा आकडा! साप्ताहिकाने जाहीर केलं, लँडन जिंकणार. यापूर्वीच्या पाच निवडणुकांत त्यांचा अंदाज बरोबर आला होता, त्यामुळे लोकांचा विश्वासही होता.

प्रत्यक्षात काय झालं? त्या वेळच्या ४८ राज्यांपैकी ४६ राज्यं रूझवेल्टनी जिंकली! जॉर्ज गॅलप यांनी मात्र त्याच निवडणुकीत कितीतरी कमी माणसांना विचारून रूझवेल्टच जिंकणार, असं बरोबर सांगितलं होतं. पुढे दोन वर्षांत 'लिटररी डायजेस्ट' बंद पडलं.

असं का झालं? साप्ताहिकाने पत्ते घेतले होते मुख्यतः टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांमधून. तो काळ महामंदीचा. घरी फोन आणि दारी मोटार असायची ती खात्यापित्या घरांत. गरीब माणसाचं मत कुणी विचारलंच नाही. शिवाय सगळ्यांनी उत्तर पाठवलं नाही. ज्यांना रूझवेल्ट नको होते, त्यांनी जास्त उत्साहाने पत्रिका भरल्या.

आता आपल्या वर्गाकडे या. गटावर लिंक टाकली, म्हणजे आपण कुणाला विचारलं? ज्याच्या घरी मोबाइल आहे, त्यात इंटरनेट आहे आणि संध्याकाळी तो हातात मिळतो, त्यालाच. आई कामावरून आल्यावरच जिला फोन मिळतो, ती मैत्रीण राहूनच गेली! १९३६ची टेलिफोनची यादी आणि आजचा व्हॉट्सॲप गट यांत फार फरक नाही, बरं का.

यावर उपाय सोपा आहे. ज्यांच्याकडे फोन नाही, त्यांना तेच प्रश्न कागदावर द्या आणि त्यांची उत्तरं तुम्हीच फॉर्ममध्ये भरा. शाळा मोठी असेल तर एक ते पाच आकड्यांच्या चिठ्ठ्या टाकून एक उचला आणि हजेरीपटातल्या त्या क्रमांकापासून प्रत्येक पाचव्या मुलाला विचारा. म्हणजे फक्त आपल्या मित्रांचीच मतं गोळा होणार नाहीत. आणि ६० पैकी १० जणांनीच उत्तर दिलं असेल, तर "८० टक्के मुलांना वाटतं" असं लिहू नका. "१० जणांनी उत्तर दिलं, त्यांतले ८ जण असं म्हणाले" असं सरळ लिहा.

प्रश्न कसा विचारावा?

समजा, तुम्हाला शाळेच्या ग्रंथालयाविषयी मतं हवी आहेत. हे चार प्रश्न वाचा आणि काय बिघडलंय ते ओळखा.

"आपल्या शाळेचं सुंदर ग्रंथालय तुम्हाला आवडतं ना?" यात उत्तर आपणच समोरच्याच्या तोंडात घातलं.

"ग्रंथालयातली पुस्तकं आणि वेळ चांगली आहे का?" हे दोन प्रश्न झाले. पुस्तकं आवडतात, पण वेळ गैरसोयीची आहे, असं वाटणाऱ्याने काय लिहावं?

"तुम्ही नेहमी वाचता का?" नेहमी म्हणजे किती? कुणाला रोज वाटेल, कुणाला दिवाळीच्या सुट्टीत. त्यापेक्षा विचारा, "गेल्या सात दिवसांत किती दिवस तुम्ही अवांतर पुस्तक वाचलंत?"

"महिन्याला किती पुस्तकं नेता? ० ते २, २ ते ४, ४ ते ६." दोन पुस्तकं नेणाऱ्याने खूण कुठे करायची, सांगा पाहू?

हे दोष कोणतंही साधन दुरुस्त करून देत नाही. म्हणून फॉर्म उघडण्याआधी प्रश्न वहीत लिहा. दोन मित्रांना वाचायला द्या. ते जिथे अडखळतील, तिथे प्रश्न बदला. आणि स्वतःला विचारा, या उत्तराचं मी करणार काय? काहीच करणार नसाल, तर तो प्रश्न काढून टाका.

चाचणी तपासणारं यंत्र

आता चाचणीकडे वळू. यंत्राने पेपर तपासण्याची कल्पना तशी नवी नाही. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात रेनॉल्ड जॉन्सन नावाचे एक शिक्षक होते. पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटमधून वीज वाहते, हे तुम्ही विज्ञानात शिकला आहात. त्याचाच उपयोग करून त्यांनी उत्तरपत्रिकेवरच्या पेन्सिलीच्या खुणा मोजणारं यंत्र बनवलं. आयबीएम कंपनीने त्यांना नोकरीवर घेतलं आणि १९३८ साली असं यंत्र बाजारात आणलं. याच जॉन्सन यांनी पुढे संगणकाच्या पहिल्या हार्ड डिस्कच्या कामाचं नेतृत्व केलं!

यंत्र झटपट मोजतं, पण त्याला समजत काहीच नाही. मराठीत तर याची गंमतच होते. एका शब्दात उत्तर लिहायचं असेल, तर फॉर्म आपलं उत्तर आधी भरून ठेवलेल्या उत्तराशी जुळवून पाहतो. शिक्षकांनी "जोतीराव फुले" भरलं आणि तुम्ही "महात्मा फुले" लिहिलंत, तर गुण शून्य! मराठी सात आणि इंग्रजी सात हीसुद्धा यंत्राला दोन वेगळी चिन्हं वाटतात. म्हणून शिक्षकांनी सगळी योग्य उत्तरं आधी भरून ठेवावीत, किंवा गुण लगेच न दाखवता स्वतः नजर फिरवून मग दाखवावेत. फॉर्ममध्ये तशी सोय असते.

पर्यायांचंही एक गणित आहे. चार पर्यायांचे २० प्रश्न असले आणि तुम्ही डोळे मिटून खुणा केल्या, तरी सरासरी ५ उत्तरं बरोबर येतात. तेव्हा २० पैकी ५ म्हणजे "थोडं येतंय" असं समजू नका!

मग चाचणी निरुपयोगी का? छे, मुळीच नाही. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काही जणांनी एक उतारा चार वेळा अभ्यासला. काहींनी तो एकदाच अभ्यासला आणि मग तीनदा आठवून लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं, तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र चित्र उलटलं. वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवत होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के! म्हणजे चाचणी ही नुसती मोजपट्टी नाही, तो अभ्यासच आहे. आणि त्यासाठी कोरा कागदही पुरतो.

कोणतं साधन घ्यावं?

काम पाहून साधन निवडावं. शांतपणे मतं हवी असतील किंवा धड्यावर छोटी चाचणी घ्यायची असेल, तर गूगल फॉर्म चांगला. उजळणीची धमाल करायची असेल, तर नॉर्वेत जन्मलेला 'कहूट' हा खेळ आहे. पण त्यात लवकर उत्तर देणाऱ्याला सहसा जास्त गुण मिळतात. सावकाश विचार करणारा मुलगा कच्चा असतो, असं थोडंच आहे? तेव्हा तो खेळ खेळच राहू द्यावा. वर्गात मुलांकडे फोन नसतील, तर 'प्लिकर्स' पाहा. यात प्रत्येक मुलाच्या हातात छापलेलं कार्ड असतं. उत्तराप्रमाणे ते फिरवून धरायचं आणि शिक्षकांचा एकच फोन सगळ्यांची उत्तरं टिपतो.

आणि पालकहो, तुमच्यासाठी

मुलांच्या हाती एखादा फॉर्म आला, तर प्रश्नांइतकंच वरच्या रकान्यांकडेही लक्ष द्या. आवडत्या खेळाच्या सर्वेक्षणाला घरचा पत्ता आणि जन्मतारीख कशाला हवी? २०२३ साली संसदेने संमत केलेल्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलं आहे आणि त्याची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या संमतीची अट घातली आहे. म्हणून "हे कोण विचारतंय आणि कशासाठी?" असं विचारण्यात कसलाच संकोच नको. पासवर्ड आणि ओटीपी तर कुठल्याही फॉर्ममध्ये भरायचे नाहीत.

मुलांनो, हा नियम तुम्हालाही लागू आहे बरं! तुमच्या फॉर्मला नावाची गरज नसेल तर नाव मागू नका, ईमेल गोळा करण्याची सोय बंद ठेवा. कुणी विश्वासाने लिहिलेलं उत्तर गटावर टाकून त्याची थट्टा तर कधीच करू नका. एकदा असं झालं की पुढच्या वेळी कुणी खरं सांगणार नाही.

चला तर, या रविवारी एक छोटं काम. तुमच्या इमारतीत, वाडीत किंवा वर्गात खरोखर जाणून घ्यावीशी वाटणारी एकच गोष्ट ठरवा. तिच्यावर पाचच प्रश्न लिहा. कोण राहून जाईल याचा आधी विचार करा आणि त्याच्याकडे स्वतः चालत जा. उत्तरं मिळाली की ती ज्यांनी दिली त्यांनाच परत सांगा आणि त्यातून काय बदलता येईल ते मिळून ठरवा. मग, कोणता प्रश्न विचारणार तुम्ही?