वारेचा परका कारागीर

मुखेडांत असो वा मुंबईंत, बाळ जन्मलें कीं मागोमाग वार पडते. बाळास पोसणारी ही वार एका विषाणूची ऋणी आहे, हें ऐकून श्रोत्यांस नवल वाटेल.

रेट्रोव्हायरस आपलीं जनुकें पेशीच्या जनुकसंचांत गुंफतात. बीजपेशींत गुंफलीं गेल्यास तीं वंशपरंपरेनें उतरतात. मानवी जनुकसंचाचा सुमारें ८ टक्के भाग असाच आलेला आहे. त्यांतील बहुतेक निकामी झाला. परंतु सुमारें अडीच कोटी वर्षांपूर्वीं आपल्या पूर्वजांत शिरलेल्या एका विषाणूचें जनुक टिकलें. त्याचें सिन्सिटिन हें प्रथिन विषाणूस पेशीशीं सांधीत असे. आज तेंच वारेच्या पेशी सांधून अखंड पडदा घडवितें, असें २००० सालीं उघडकीस आलें. त्याच पडद्यांतून आईच्या रक्तांतील अन्न व प्राणवायु बाळास पोंचतात.

शत्रूच्या तरवारीचा विळा व्हावा, तसेंच हें झालें.